खोलून बघणाऱ्या मुलासाठी पुस्तक कसं निवडायचं

काही मुलांना खेळण्यातली गाडी पळवण्यापेक्षा ती उलटी करून खालचे स्क्रू बघण्यात जास्त रस असतो. शिलाई मशीन चालू असलं की खाली वाकून पट्टा कुठून कुठे जातोय ते बघत बसणार, रसवंतीवर गेलं की रस प्यायचा सोडून चरकाच्या दात्यांकडे डोळे लावणार, आणि रिमोट, टॉर्च, गजराचं घड्याळ यातलं काहीतरी दर महिन्याला पलंगाखाली खोललेलं सापडणार. अशा मुलाला पुस्तक द्यायचं म्हटलं की आपण दुकानात जाऊन 'विज्ञानाचं काहीतरी द्या' म्हणतो, आणि मग हातात येतं ते ग्रह-तारे, डायनासोर आणि ज्वालामुखी असलेलं एक जाडजूड चकचकीत पुस्तक. मूल दोन दिवस चाळतं आणि ठेवून देतं, मग घरचे म्हणतात याला वाचनाची आवडच नाही. मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या मुलाला वाचायचं असतं, फक्त त्याला हवं ते त्या पुस्तकात नसतं.

मी आमच्या सोसायटीत मुलांच्या पुस्तकांचं कपाट सांभाळते, सात-आठ वर्षं झाली. कुठलं पुस्तक नव्यासारखं परत येतं आणि कुठलं पानांवर बोटांचे काळे डाग घेऊन येतं ते बघून बघून जे कळलंय ते लिहितेय, पहिल्यांदाच असं पुस्तक घेणाऱ्या आईबाबांना, मामा-मावशीला उपयोगी पडेल.

पहिली पायरी: आठवडाभर मुलाकडे बघा

पुस्तकाच्या आधी मूल. यंत्रांची आवड म्हणजे एकच गोष्ट नसते. एखादं मूल फक्त खोलतं, आत काय आहे ते बघितलं की त्याचं समाधान होतं, जोडायच्या भानगडीत ते पडतच नाही. एखादं खोलत नाही पण पुठ्ठा, झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या जमवून काहीतरी बनवत असतं. एखादं हात लावत नाही, नुसतं विचारतं, लिफ्ट मधेच तुटली तर काय, कुकरची शिट्टी थांबते कशी. आणि एखादं वहीच्या मागच्या पानांवर जेसीबी आणि इंजिनं काढत बसतं, त्यात पाइप कुठून कुठे गेलाय ते अगदी नीट दाखवलेलं असतं.

या चौघांना एकच पुस्तक चालत नाही. खोलणाऱ्याला आतलं दाखवणारी चित्रं हवीत, म्हणजे वस्तू मधोमध कापल्यासारखा उभा छेद, किंवा सगळे भाग सुटे करून एका ओळीत हवेत मांडलेत असं चित्र. बनवणाऱ्याला कृतीचं पुस्तक हवं, त्यातही घरात मिळणाऱ्या सामानाचं, नाहीतर पहिल्याच पानावर 'लहान डीसी मोटर घ्या' आलं की त्या दिवशीचा उत्साह तिथेच संपतो. विचारणाऱ्याला मजकूर जास्त असलेलं पुस्तक चालतं, आणि चित्र काढणाऱ्याला मोठ्या आकाराचं, बारीक तपशिलाचं, जे जमिनीवर पसरून तासभर बघता येईल.

एक काम करा, मुलाने आठवड्यात यंत्रांबद्दल विचारलेले प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा, त्याच्याच शब्दांत. चार-पाच प्रश्न पुरतात. पुढे दुकानात ही यादीच कामाला येते.

दुसरी पायरी: वय बघा, पण कव्हरवरचं नको

कव्हरवर '८ ते १२ वर्षे' छापलेलं असतं ते मजकूर वाचता येण्याचं वय असतं. यंत्रवेड्या मुलाची समज त्याच्या वाचनाच्या दोन-तीन वर्षं पुढे असते. सहा वर्षांचं पोर परिच्छेद वाचू शकत नसेल पण चेन कुठल्या चाकाला फिरवते ते चित्रावरून बरोबर सांगेल. म्हणून चित्रं मोठ्या वयाची आणि वाचून दाखवायला घरातलं मोठं माणूस, असं चालतं. उलटं मात्र चालत नाही. दहा वर्षांच्या मुलीला डोळे आणि हसरं तोंड काढलेला ट्रॅक्टर दिला तर तिला तो अपमानच वाटतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची, झडप उघडून आत बघायची पुस्तकं ठीक, फार विचार करू नका, ती फाटणारच आहेत.

तिसरी पायरी: दुकानात बोट ठेवून बघा

ही सगळ्यात महत्त्वाची, आणि पाच मिनिटांचीच आहे. पुस्तकातलं तुम्हाला माहीत असलेल्या वस्तूचं पान काढा. सायकल, शिलाई मशीन, फ्लशची टाकी, कुलूप, खटका दाबून उघडणारं पेन, काहीही. आता चित्रात जिथून हालचाल सुरू होते तिथे बोट ठेवा आणि ती हालचाल पुढे कुठे जाते ते बोटाने शोधत जा. सायकल असेल तर पाय पायडलवर, पायडलचा दांडा मोठं दातेरी चाक फिरवतो, त्यावरून चेन, चेनने मागचं छोटं दातेरी चाक, त्याने मागचं मोठं चाक. मधे कुठे बोट अडलं, म्हणजे चेन नुसती एक काळी रेघ आहे आणि दाते दिसतच नाहीत, किंवा पुस्तक म्हणतं 'आणि मग यंत्रणेमुळे चाक फिरते', तर ते पुस्तक ठेवून द्या. कारण मुलाचा प्रश्न नेमका तोच होता, ती यंत्रणा काय आहे.

शिलाई मशीनच्या पानावर मी हमखास हे बघते. नुसतं 'सुई वर-खाली होते आणि टाका पडतो' एवढंच असेल तर ते सांगणंच नाही. मशीनच्या सुईला भोक टोकाकडे असतं, हाताच्या सुईसारखं मागे नसतं, हे दाखवलंय का. सुई खाली जाऊन परत वर यायला लागली की वरच्या दोऱ्याचा एक फास सैल सुटतो, तो फास खालच्या हुकचं टोक पकडतं आणि बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, भोवतीने फिरवतं, आणि असे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात, हे चार-पाच चित्रांत टप्प्याटप्प्याने आहे का. असेल तर ज्याने पुस्तक केलंय त्याने मशीन खरोखर निरखून बघितलंय, आणि तो बाकीच्या पानांवरही तेवढाच प्रामाणिक असण्याची शक्यता खूप.

मग मुलाचे ते लिहून ठेवलेले प्रश्न काढा आणि पुस्तकाच्या शेवटची सूची किंवा अनुक्रमणिका बघा. पाचातल्या दोन प्रश्नांची उत्तरं सापडली तरी पुस्तक घ्यायला हरकत नाही. एकही नसेल तर कितीही सुंदर असलं तरी ते दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक आहे.

चौथी पायरी: चुका पकडा

यंत्रांच्या पुस्तकातल्या चुका मुलांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितेय.

पहिली चूक तर कव्हरवरच असते. तीन दातेरी चाकं त्रिकोणात काढलेली, प्रत्येकाचे दाते उरलेल्या दोघांत अडकलेले. दिसायला छान, पण हे फिरूच शकत नाही. दाते अडकलेली शेजारची दोन चाकं नेहमी एकमेकांच्या उलट फिरतात. पहिलं उजवीकडे फिरलं तर दुसरं डावीकडे, दुसऱ्यामुळे तिसरं उजवीकडे, पण तिसरं पहिल्यालाही अडकलंय म्हणजे त्याला डावीकडे फिरायला हवं, दोन्ही एकदम कसं होणार, सगळं जॅम. आमच्याकडे चौथीतल्या एका मुलीने एक नवीन पुस्तक पहिल्याच दिवशी परत आणलं, म्हणाली काकू, हे फिरणारच नाही. मी तोपर्यंत ते कव्हर बघून खूश होते! तिने त्या पुस्तकात पेन्सिलने बाण काढून चिठ्ठी ठेवली होती, ती मी तशीच राहू दिली आणि तेव्हापासून कुठलंही पुस्तक घेताना आधी गिअरची चित्रं बघते.

दुसरी, कप्पी. 'कप्पीमुळे वजन हलके होते' असं सरसकट लिहिलेलं असतं. विहिरीवरची कप्पी एका जागी घट्ट बसवलेली असते, ती बादलीचं वजन कमी करत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते, वर उचलण्याऐवजी आपण दोर खाली ओढतो आणि त्यात अंगाचा भार कामाला येतो म्हणून सोपं वाटतं. वजनाबरोबर वर-खाली होणारी कप्पी असली की जोर निम्मा लागतो, पण मग दोर दुप्पट ओढावा लागतो. पुस्तकात हे शेवटचं वाक्य आहे का ते मुद्दाम शोधा. तरफ असो, उतरण असो, गिअर असो, जोर वाचवला की अंतर वाढतं, हा सौदा जे पुस्तक सांगतं त्याने मुलाला सगळ्या साध्या यंत्रांची किल्लीच दिली असं समजा.

तिसरी, विमानाचा पंख. 'पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, तिला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचायचं असतं म्हणून ती वेगाने जाते' असं फार पुस्तकांत आहे आणि ते चुकीचं आहे. वरच्या हवेला खालचीबरोबर पोचायची काही सक्ती नसते, उलट ती आधीच पुढे निघून जाते. पंख हवेला खाली ढकलतो हे पुस्तकात कुठेतरी आलेलं असावं.

आणि फ्रिज. फ्रिज थंडी 'तयार' करतो असं लिहिलेलं पुस्तक नको, फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मागची जाळी किंवा कडेचा पत्रा कोमट का लागतो हे मुलाला यावरूनच कळतं.

पाचवी पायरी: कुठली पुस्तकं, कुठे मिळतात

इंग्रजी चालत असेल तर डेव्हिड मॅकॉले यांचं 'द वे थिंग्ज वर्क' एकदा तरी हातात घेऊन बघा. १९८८ साली पहिल्यांदा आलं, २०१६ मध्ये नवीन आवृत्ती आली. त्यातले केसाळ मॅमथ सगळ्यांना आठवतात पण खरी गंमत मांडणीत आहे. पुस्तक वस्तूंप्रमाणे लावलेलं नाही, तत्त्वाप्रमाणे लावलंय, त्यामुळे कुलपाची किल्ली आणि पॅंटची चेन दोन्ही उतरणीच्या प्रकरणात भेटतात, आणि मुलाला अचानक कळतं की अरे, या दोन्हींत एकच युक्ती आहे. महाग आहे, जाड आहे, पण आठ ते अठरा कुठल्याही वयाला पुरतं. चित्र काढणाऱ्या मुलासाठी स्टीफन बीस्टी यांची छेदचित्रं बघा, १९९२ चं पुस्तक आहे, वाफेचं इंजिन, किल्ला, जहाज असं कापून दाखवलंय की आतला एकेक माणूस काय काम करतोय ते दिसतं.

बनवणाऱ्या मुलासाठी मात्र पैसे खर्च करायच्या आधी अरविंद गुप्ता यांची पुस्तकं. आयआयटी कानपूरला शिकलेला, पुण्यात टेल्कोत काम केलेला हा इंजिनिअर मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि तिथल्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून आकार बनवायला लागला. त्रिकोण दाबला तरी वाकत नाही, चौकोन लगेच लोळतो, हे त्या काड्यांत एका मिनिटात हाताला कळतं, आणि मग पूल आणि विजेचे टॉवर बघायची नजरच बदलते. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही भरपूर. पीडीएफ उतरवून घ्या, हवी ती दहा पानं प्रिंट काढा, फाटली तर परत काढा.

मराठीत यंत्रांची मोठी रंगीत पुस्तकं इंग्रजीच्या मानाने कमी आहेत, हे मला मनापासून खुपतं. पण जे आहे ते वापरूया. बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात 'साधी यंत्रे' असा धडाच आहे, पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते, चौथीतल्या मुलालाही तो गोष्टीसारखा सांगता येतो. छोट्यांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. मोठ्यांसाठी १९२८ पासून पुण्याहून निघणारं 'सृष्टिज्ञान' मासिक आहे, जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर बघा.

इंग्रजी पुस्तक घेतलं तरी सांगताना मराठीत सांगा, आणि शब्द दोन्ही येऊ द्या. गिअर आणि दातेरी चाक, लिव्हर आणि तरफ, स्क्रू आणि मळसूत्र, वेज आणि पाचर. गॅरेजवाला दादा वॉशरला 'वायसर गेलाय' म्हणतो तोही शब्द येऊ द्या.

दुकानाबद्दल एवढंच, ऑनलाइन घेऊ नका निदान पहिलं तरी, कारण बोट ठेवून बघता येत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फाउंटन किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलचे जुन्या पुस्तकांचे फुटपाथ, तिथे जुनी परदेशी यंत्रांची पुस्तकं सापडतात. यंत्राचं पुस्तक जुनं असलं म्हणून वाया जात नाही, घड्याळाचा लंबक आणि कुलपाचे खिळे आहेत तसेच आहेत. फक्त कॉम्प्युटर, मोबाइल, कॅमेरा असं काही असेल तर साल बघा.

एक सूचना. नातेवाईक हौसेने शोध लावणाऱ्यांची चरित्रं देतात. चांगली असतात, पण ती या भुकेला पुरत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचीच गोष्ट घ्या, चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर यांत्रिक चित्रकलेकडे वळले, १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर केला. फार मोठा माणूस, मुलांना सांगायलाच हवं. पण मुलाचा पुढचा प्रश्न असतो की तो नांगर माती उलटी कशी करतो, फाळाला तो बाक कशाला असतो, आणि ते चरित्रात नसतं. चरित्र द्या, सोबत यंत्राचं पुस्तक पण द्या.

सहावी पायरी: घरी आल्यावर

नुसतं पुस्तक हातात देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या दिवशी एकच पान, आणि त्या पानावरची वस्तू शेजारी. सायकलचं पान असेल तर सायकल उलटी उभी करा, खडूने खूण करून दोन्ही चाकांचे दाते मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ निघाले, तर पायडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे जवळजवळ अडीच फेरे. मोठी २८ इंची सायकल असेल तर चाकाचा घेर साधारण सव्वासात फूट, म्हणजे एका फेऱ्यात सायकल १८ फुटांच्या आसपास पुढे जाणार. मग खाली रस्त्यावर खडूने रेघ मारून, पायडल एकच फेरा फिरवून, टेपने मोजून बघा. गणित आणि रस्ता जुळला की मुलाचा चेहरा बघा.

शिलाई मशीन असेल तर मोटर काढून, नुसतं हातचाक हळूहळू फिरवत पुस्तकातलं एकेक चित्र जुळवा, बोटं सुईपासून लांब. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून तरंगणारा चेंडू पाणी कसं बंद करतो ते तर काही खर्च न करता बघता येतं.

आणि खोलायला काय द्यायचं नाही ते आधीच ठरवा. मायक्रोवेव्ह, जुना डबा टीव्ही, इन्व्हर्टर, पंख्याचा कपॅसिटर, यांत प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. मोबाइलची बॅटरी तर अजिबात नाही, टोचली की पेट घेते. जुना लॅंडलाइन फोन, सेलवरचं घड्याळ, सायकलची घंटी, खराब झालेलं कुलूप, बंद पडलेला प्रिंटर हे चालतं, प्रिंटरची पिन आधी कापून टाका. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात असं सामान भरपूर मिळतं. एक थाळी, एक चांगला स्क्रू ड्रायव्हर सेट, आणि प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी फोटो, एवढी शिस्त पुरे.

पुस्तकाला डाग पडू द्या. ग्रीस लागलेलं पान म्हणजे ते पान मशीनच्या शेजारी उघडलं गेलं होतं. आमच्या कपाटात अशा पुस्तकांना मी कव्हर घालायचंसुद्धा सोडून दिलंय.

पुढचं पुस्तक लगेच आणू नका. मूल जेव्हा म्हणेल की यात हे दिलंय पण आपल्या मिक्सरमध्ये तसं नाहीये, किंवा पुस्तकात नसलेली वस्तू घेऊन तुमच्यासमोर उभं राहील, तेव्हा वेळ झाली. मग दुकानात त्यालाच न्या, आणि ती वस्तू पिशवीत घालून सोबत घेऊन जा.